कविता जमिनीवर

३ मार्च, सकाळी ९
पत्र आलं. फ्लाइंग स्कूलचं. जाड कागद, वरच्या कोपऱ्यात पंख्याचं चित्र. विषय: 'अरुंद जागेतून हेलिकॉप्टर उचलण्याच्या पद्धती: एक तुलना'. वक्ता: मी! तारीख ३० मार्च. पाऊण तास व्याख्यान, मग प्रात्यक्षिक उड्डाण, 'सर स्वतः सोबत बसले तर आम्हांला धन्य वाटेल'.
खाली प्रमुख प्रशिक्षकाची सही. ती बघितली आणि चहा बशीत सांडला.
लांब्याची, माझ्या जुन्या विद्यार्थ्याची सही. इतक्या वर्षांनंतरही शेवटच्या अक्षराचं शेपूट कागदाबाहेर जातं.

३ मार्च, दुपारी ४
झोप लागली नाही. बाईंनी विचारलं काय झालं. ऊन आहे म्हणून सांगितलं. (बाई म्हणजे माझी बायको. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत व्याकरण शिकवलं. सगळं गाव बाई म्हणायचं, रिटायर झाल्यापासून मीही म्हणतो. पर्याय नाही.) बाई म्हणाल्या, खिडकी तर उत्तरेला आहे.

४ मार्च, सकाळी
निश्चय झाला. तीस तारखेच्या व्याख्यानात सगळं सांगून टाकायचं. भर सभेत. छातीवरचा दगड एकदाचा खाली.
सराव म्हणून घटना इथे लिहून काढतो.
एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लाकडाच्या वखारीमागची मोकळी जागा, चारी बाजूंनी उंच झाडं. सामान भरलं, निघायचं होतं. कंट्रोल लांब्याच्या हातात, शेजारी मी, शिक्षक म्हणून. आमचे दोन शब्द ठरलेले. 'वर' म्हणजे सरळ उभं चढायचं, झाडांचे शेंडे पायाखाली आले की मग नाक खाली करून निघायचं. 'पुढे' म्हणजे जमिनीलगत पळवत आधी वेग घ्यायचा, मग झाडांवरून चढायचं. त्या दिवशी जागा तोकडी, म्हणून 'वर' ठरलं होतं. परंतु 'पुढे' घेतलं गेलं. शेंडा लागला. शेपूट तुटलं. मशीन गोल फिरून वखारीच्या भुशाच्या ढिगात जाऊन बसलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. लांब्याला दोन वर्षं उड्डाण बंद. स्टोअरमध्ये बोल्ट मोजायला बसवलं.
'घेतलं गेलं.' वाक्य छान जमलंय. चौकशीच्या अहवालातही मी असंच लिहिलं होतं. भाषा तेव्हाही बरी होती माझी.

६ मार्च, सकाळी ११
व्याख्यानाची तयारी जोरात. जेवणाच्या टेबलावर मांडणी केली. काडेपेटी म्हणजे हेलिकॉप्टर. झाडं: मिठाची बरणी, लोणच्याची बरणी, माझ्या खोकल्याच्या औषधाची बाटली.
पद्धत एक, सरळ वर. फायदा: अडथळा नक्की चुकतो, आणि पॉवर कमी पडली तर त्याच जागी परत खाली येता येतं. तोटा: पॉवर सगळ्यात जास्त लागते. वजन ओळखून असावं. मध्येच इंजिन बंद पडलं तर ना वेग ना उंची.
पद्धत दोन, पुढे. जमिनीलगत पंख्याखाली हवेची गादी तयार होते, तिच्यावरून घसरत वेग घ्यायचा. पॉवर कमी लागते, जागा जास्त. एकदा निघालो की माघार नाही.
पद्धत तीन, मागे मागे. ही माझी लाडकी. वर चढताना थोडं थोडं मागे सरकायचं, म्हणजे जिथून निघालो ती जागा सतत काचेतून समोर दिसते. काही बिघडलं तर परत तिथेच. पाठीमागे काय आहे ते मात्र दिसत नाही.
इथे मला शाळेचं आवार आठवलं. मागे सरकत सरकत जाणारं. चिंचोळा वर्ग, फळ्यावर खडूचा वास, गुरुजींनी सुरात म्हणून घेतलेल्या कविता. डोळे भरून आले.
बाईंनी मिठाची बरणी उचलून नेली. म्हटलं, अहो, ते झाड आहे. म्हणाल्या, झाडाशिवाय भाजी अळणी होते.

९ मार्च, पहाटे ५॥
या वहीत तरी खरं लिहावं. वही कोण वाचतंय?
वखारीमागे इंजिन पूर्ण फिरत होतं. मागचा माणूस दार लावत होता. अर्धा मिनिट रिकामा. रिकाम्या वेळात मी कविता म्हणतो, ही सवय चौथीपासूनची. चौथीच्याच पुस्तकातली म्हणत होतो, इंटरकॉम चालू आहे हे विसरून. तिसरी ओळ अशी:
पाऊल टाकी, वाट बोलते: पुढे, गड्या रे, पुढे!
आणि लांब्याने घेतलं पुढे.
चौकशीत तो म्हणाला, मला 'पुढे' ऐकू आलं. मला विचारलं. मी म्हणालो, तशी सूचना दिली गेली नव्हती.
आता नीट विचार केला तर हे खोटं नाही. शब्द कवीचा होता. मी फक्त म्हणत होतो. सूचना आणि काव्य यांत फरक आहे. तांत्रिकदृष्ट्या माझं वाक्य शंभर टक्के बरोबर.
तरी पहाटेच जाग आली. बहुधा कालची वांगी.

१२ मार्च, सकाळी १०
लांब्याचा फोन. आवाज तोच, मात्र आता त्याच्यामागे ऑफिस आहे. मी आधी हवेच्या गादीवरून, म्हणजे तब्येत, पाऊस, गुडघे असा वेग घेत होतो आणि मग विषयावर चढणार होतो. तेवढ्यात तोच म्हणाला, सर, तुमची आठवण आमच्याकडे रोज निघते. तुमच्या नावाचा नियमच आहे. 'सरांचा नियम' म्हणतात पोरं. पहिल्या दिवशी पाठ करायला लावतो.
मी गहिवरलो. नियम कोणता ते विचारायचं राहिलं. बहुतेक सरळ चढण्याबद्दलचा असावा. त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.
अशा प्रेमळ माणसाच्या मनात जुनं काही शिल्लक असेल का? तो विसरलाय. मग उगाच खपली कशाला काढायची? त्याच्या सुखासाठी गप्प बसणं हासुद्धा एक त्याग आहे.
वेग घेतला, चढलो नाही.

१३ मार्च
रात्रभर त्याग टोचत होता. निश्चय पुन्हा जागेवर. सांगायचंच.

१५ मार्च, दुपारी
स्कूलचा फॉर्म. प्रात्यक्षिकासाठी माहिती: वय, रक्तगट, वजन किलोत.
न्हाणीघरातला काटा ८६ म्हणाला. एक पाय उचलून बघितला, तरी ८६. काटा जुना झालाय. भिंतही बहुधा ओली आहे, तिचाही परिणाम होत असणार.
फॉर्मवर ७८ लिहिलं. ही गेल्या वीस वर्षांची सरासरी आहे. शिवाय तीस तारखेपर्यंत पंधरा दिवस आहेत. रोज अर्धा किलो म्हणजे साडेसात. उरलेला अर्धा किलो बूट काढून. आकडा खोटा नाही, जरा लवकर लिहिलाय एवढंच.

१६ मार्च, सकाळी ६
फिरायला निघालो. जोरात. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत. तो दुकान उघडत होता. म्हणाला, आजोबा, पळताय कोणापासून? बसलो. कविता निघाल्या. त्याला दोन पूर्ण पाठ आहेत! चहा, बिस्किटं. आठ वाजता परत.

१९ मार्च
वजन ८६॥.

२२ मार्च, सकाळी ११
बाईंसमोर रंगीत तालीम. त्यांच्या हातात जुनं घड्याळ आणि लाल पेन. बावन्न मिनिटं झाली. त्यांतली एकोणीस शाळेच्या आठवणी. बाई म्हणाल्या, हेलिकॉप्टर कधी येतं?
मग वखारीची घटना वाचून दाखवली. 'पुढे घेतलं गेलं. सूचना दिली गेली नव्हती.' बाईंनी पेन वहीवर टेकवलं आणि विचारलं, कर्ता कोण?
म्हटलं, कर्मणी प्रयोग आहे.
म्हणाल्या, ते मला माहीत आहे. चौतीस वर्षं शिकवलाय. फुलदाणी फुटल्यावर वर्गात सगळेच कर्मणी बोलतात. फुलदाणी फोडली गेली. कर्ता कोण?
मी खोकलो. खरा खोकला होता.
बाई एवढंच म्हणाल्या, की एकतीस वर्षं झाली, घरात कविता म्हणताना तिसऱ्या ओळीला तुम्ही थांबता. मला वाटायचं विसरलात.
जेवण गेलं नाही. नंतर गेलं.

२५ मार्च
खोकला. तीस तारखेला आवाज बसला तर? बसला तर कोणाचा इलाज नाही. लांब्याला कळवून ठेवावं का? गार पाणी प्यायलो, तीन ग्लास.

२६ मार्च
आवाज उत्तम. दुर्दैव.

२८ मार्च, दुपारी ३
पद्धत ठरली. कबुलीसाठीही तीनच मार्ग आहेत, हे लक्षात आलं आणि स्वतःवरच खूश झालो. सरळ वर: उभं राहायचं आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं. पॉवर फार लागेल. पुढे: गोड बोलत वेग घ्यायचा आणि शेवटी चढायचं. फोनवर फसलंय. मागे मागे: आठवणींतून हळूहळू मागे सरकत जायचं, वखारीपाशी आपोआप पोचतो. हेच. हीच माझी पद्धत.
बाईंना उत्साहाने सांगितलं. म्हणाल्या, त्या पद्धतीत पाठीमागचं दिसत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात.

२९ मार्च
जुना कोट. बटण लागत नाही. उघडा ठेवला की रुबाबदार दिसतो.
वजन घेतलं नाही. ऐनवेळी मन खच्ची करायचं नाही.

३० मार्च, रात्री ८. सगळं आताच लिहितो, नाहीतर उद्या बदलून लिहीन.
सकाळी दहा. हॉल भरलेला. लांब्या पिकलाय, पण अजून दारातून वाकूनच येतो. सगळ्यांसमोर पायाला हात लावला. 
भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी: 'कविता जमिनीवर'. खाली लहान अक्षरांत, 'सरांचा नियम'. छाती फुगली. माझ्या काव्यप्रेमाची अशी दखल! सुरुवातच तिथून केली. म्हणालो, मित्रहो, खरंच, आकाशात उडणाऱ्याला कविताच जमिनीवर ठेवते.
हॉल खदखदून हसला. मला वाटलं, रंगणार आज.
रंगलंच. तीन पद्धती, तक्ता, फायदे-तोटे. मग मागे सरकायला लागलो. चौथीचा वर्ग आला, गुरुजी आले, कविता आल्या. सरकत सरकत पहिलीपर्यंत पोचलो. वखार मध्येच कुठेतरी गेली, खिडकीतून स्टेशन जावं तशी. टाळ्या पडल्या.
चहाला एक शिकाऊ मुलगी आली, चष्मेवाली, चुणचुणीत. म्हणाली, सर, पाटीवरचं तुमचं भाष्य भारी होतं, आम्ही कोणी इतक्या मोकळेपणाने स्वतःवर हसलो नसतो. मी विचारलं, म्हणजे? तिने पाठ नियम म्हणून दाखवला. उचलण्याआधी कॉकपिटमध्ये एकच शब्द बोलायचा. ऐकणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. परत म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही. आणि बाकी सगळी कविता जमिनीवर.
बिस्किट चहात पडलं. बुडालं.
म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. तुकडीमागून तुकडी. पाठ.
मी घरी जायचं म्हणत होतो, पण लांब्याने हात धरून मशीनपाशी नेलं. छोटं, दोन सीटचं. झाडांनी वेढलेली सरावाची जागा, दुपारचं तापलेलं ऊन. तिथल्या मेकॅनिकने विचारलं, सरांना काट्यावर घेऊ का? लांब्या म्हणाला, छे रे, सरांनी फॉर्मवर लिहिलंय ना. सरांचा आकडा आहे तो.
बसलो. पट्टा एक भोक सैल करावा लागला.
हातभर उंच उचललं आणि तिथेच धरलं. लांब्या समोरच्या मीटरकडे बघत राहिला. बराच वेळ. मग इंटरकॉमवर म्हणाला, सर, पॉवर जास्त खातंय. हिशोब जुळत नाही. वजन नक्की किती?
समोर झाडं. खाली गवत आडवं झालेलं. त्याचा हात कंट्रोलवर, एकतीस वर्षांपूर्वी होता तसाच. माझ्या आकड्यावर विसंबलेला.
म्हणालो, शहाऐंशी.
तो म्हणाला, शहाऐंशी.
नियमच आहे तो. परत म्हणायचं. पण माझ्याच तोंडचं खरं दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं आणि आत काहीतरी निसटलं. म्हणालो, आणि ते 'पुढे' मी म्हणालो होतो.
लांब्याने मशीन तसंच हातभर उंचीवर धरून ठेवलं.
मग तो म्हणाला, 'पुढे' तुम्ही म्हणाला होतात.
हळूच खाली टेकवलं. इंजिन बंद केलं. वरचा पंखा फिरत फिरत मंदावत गेला. पंखा थांबायला किती वेळ लागतो, हे शिकवताना कधी मोजलं नव्हतं.
मग बोलला. म्हणाला, स्टोअरमध्ये बोल्ट मोजत होतो, सर. कंटाळा आला की तुमचीच कविता म्हणायचो, शंभर वेळा ऐकलेली. एक दिवस तिसऱ्या ओळीवर आलो आणि हातातला बोल्ट तसाच राहिला. त्र्याहत्तरावा होता. पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.
मी विचारलं, तेव्हाच कोणाला सांगितलं का नाहीस? म्हणाला, काय सांगू? कवितेने मशीन पाडलं? आधीच हसत होते.
रागावला असता तर बरं झालं असतं. नाही रागावला. बाहेर बघत म्हणाला, वडील गेले तेव्हा त्यांच्या डोक्यात एवढंच होतं, की पोराने मशीन आपटलं. आई आहे अजून. डोळे बरे आहेत तिचे. तुमच्या अक्षरात एक ओळ लिहून पाठवा, सर. एवढंच.
म्हणालो, आजच पाठवतो.
तो म्हणाला, आजच.
मग म्हणाला, आता उतरा सर. या उन्हात एवढ्या वजनाला सरळ वर झेपायचं नाही.
मेकॅनिकने हात देऊन उतरवलं. चष्मेवाली माझ्या जागी बसली. 'वर', ती म्हणाली असणार. 'वर', लांब्या म्हणाला असणार. ओठ दिसले. सरळ गेले, झाडांच्या शेंड्यांपर्यंत, मग नाक खाली करून निघून गेले. सुरेख घेतलं त्याने. मी शिकवलं होतं.
मी गवतात उभा. कोटावर धूळ.

३१ मार्च, सकाळी
काल दमलो होतो. आज लिहितो.

३१ मार्च, दुपारी ४
चार पानं झाली. 'त्या दिवशी वखारीवर मंद वारा होता' अशी सुरुवात. बाईंनी वाचली. लाल पेन. म्हणाल्या, वाऱ्याने केलं का?

१ एप्रिल, सकाळी ११
दुसरा खर्डा, एकच ओळ: 'माझ्याकडून तो शब्द उच्चारला गेला असावा.'
बाईंनी 'असावा' खोडला. मग 'उच्चारला गेला' खोडलं. मग 'माझ्याकडून' भोवती गोल केला. कागदावर 'तो शब्द' एवढंच उरलं.
म्हटलं, अहो, निदान प्रयत्न बघा. म्हणाल्या, पस्तीस गुण असतात प्रयत्नाला. लांब्याची आई पस्तीस गुणांची वाट बघत नाही.

१ एप्रिल, दुपारी
तिसरा: 'पुढे असं मी सांगितलं.'
मला वाटलं, आता पास. बाईंनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, 'मी' आलाय, चांगलं आहे. पण क्रियापद अजून तुमच्याकडे बघत नाही. मी सांगितलं, त्याने सांगितलं, शेजारणीने सांगितलं, 'सांगितलं' जागचं हलत नाही. ज्याने केलं त्याच्या गळ्यात पडेल, असं क्रियापद घ्या.
चष्मा पुसायला आत गेल्या.

२ एप्रिल, सकाळी ९
'पुढे' मी म्हणालो. तुमचा मुलगा बरोबर होता.
बाईंनी पेन उघडलं. वाचलं. पेन बंद केलं.

२ एप्रिल, सकाळी ११
स्वतः पोस्टात गेलो. चालत. न्हाव्याने हाक मारली, थांबलो नाही. खिडकीतल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं. एकतीस वर्षं वाहून आणलेलं. काटा हललासुद्धा नाही. ती म्हणाली, आजोबा, आत काही आहे ना, की नुसतंच पाकीट?
घरी आलो. हलकं वाटत होतं. फार हलकं. बूट, कोट, चष्मा काढून न्हाणीघरात काट्यावर उभा राहिलो.
सत्त्याऐंशी.
बाहेरून बाईंनी विचारलं, किती? सांगितलं.
त्यांनी परत म्हटलं, सत्त्याऐंशी.